सोबतीला माणूस हवा, आणि तो शिकलेला हवा

प्रति,
मा. सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मानसिक आरोग्य सहाय्यकांसाठी मराठीतून व्यवसाय प्रशिक्षण आणि त्यानंतरच्या नेमणुकांबाबत

महोदय, महोदया,

सनविवि.

हे पत्र एकाच वेळी दोन विभागांना लिहिते आहे, कारण विषयच दोघांच्या मध्ये पडलेला आहे. माणसे शिकवणे कौशल्य विभागाकडे, शिकलेली माणसे नेमणे आरोग्य विभागाकडे. मानसिक आजार असलेल्या माणसाला सकाळी उठवून आंघोळीला पाठवणारा, गोळ्यांची वेळ सांभाळणारा, ओपीडीला नेणारा, चार शब्द बोलत बसणारा प्रशिक्षित सहाय्यक मधल्या मध्ये राहून जातो. मुंबईत किती घरे अशा माणसाच्या शोधात असतात, ते आमच्यासारख्यांना विचारा.

मी शुभंकर आहे. ज्याला आजार आहे तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा शुभंकर, असे आम्ही मराठी स्वमदत गटांत म्हणतो. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजच्या वयात स्किझोफ्रेनिया झाला, आज तो चाळिशीत आहे. आम्ही विक्रोळीला राहतो. कांजूर, भांडुप, घाटकोपर भागातल्या अशाच काही कुटुंबांचा आमचा लहानसा गट आहे, आणि खाली लिहिलेले बरेचसे त्या घरांतून आलेले आहे.

आधी कायद्याचे सांगते, कारण मागणी नवी नाही. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने 2021 मध्ये जो राष्ट्रीय आयोग कायदा केला, त्याच्या अनुसूचीत वर्तन आरोग्याच्या गटात मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक यांच्याबरोबर मानसिक आरोग्य सहाय्यक हेही नाव छापलेले आहे. म्हणजे हा व्यवसाय आहे, असे देशाच्या कायद्याने मान्य केले आहे. त्याआधीचा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचे कलम 31 सरकारवर स्पष्ट जबाबदारी टाकते की, मानसिक आरोग्यसेवेसाठी लागणारे मनुष्यबळ शिक्षण-प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखून तयार करावे आणि आहे त्या मनुष्यबळाचे कौशल्य वाढवावे. लोकसंख्येच्या मानाने मानसिक आरोग्य तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न दहा वर्षांत करावेत, असेही त्याच कलमात आहे. ती दहा वर्षे मे 2028 मध्ये संपतात. देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरता येत नाही. ही तूट नुसते डॉक्टर घडवून एवढ्यात भरून निघणार नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत आहे.

आयटीआयच्या व्यवसायांच्या यादीत इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर आहेत, हेल्थ सॅनिटरी इन्स्पेक्टरही आहे. मुलुंड किंवा लोअर परळच्या आयटीआयच्या दारात एखादी दहावी झालेली मुलगी उभी राहून म्हणाली की मला मानसिक आजार असलेल्या माणसांसोबत काम करायला शिकायचे आहे, तर तिला कुठल्या वर्गात बसवायचे? जनरल ड्युटी असिस्टंट नावाचा अभ्यासक्रम आहे, तो चांगलाही आहे. पण त्याचा भर शरीराच्या शुश्रूषेवर. अंथरूण बदलणे, ताप-नाडी बघणे, भरवणे, व्हीलचेअरवर बसवणे. माझा भाऊ स्वतः जेवतो, स्वतः चालतो. त्याला आवाज ऐकू येतात तेव्हा काय करायचे, ते त्यात नाही.

मग आज हे काम करते कोण? ब्युरोतून, म्हणजे घरी काळजीवाहू माणसे पुरवणाऱ्या एजन्सीतून, येणाऱ्या मावश्या आणि दादा. बारा तासांची ड्युटी किंवा चोवीस तासांची. काल अर्धांगवायूच्या आजोबांकडे, आज बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य) असलेल्या मुलीकडे, उद्या बाळंतिणीकडे. ब्युरो फोनवर विचारतो, पेशंट मारतो का, एवढेच. घरचे जे पैसे देतात त्यातले किती त्या बाईच्या हाती पडतात ते तिलाच ठाऊक. रुग्णालयांमध्ये वॉर्डबॉय आणि आया हेच काम करतात, तेही वॉर्डात जे बघितले तेवढ्यावर.

आमच्या घरची एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय माझी मागणी नीट कळणार नाही. आई घरात पडली, मांडीचे हाड मोडले, आणि माझी नोकरी सुटण्यासारखी नव्हती. म्हणून भावासाठी एक दादा ठेवला. माणूस वाईट अजिबात नव्हता. भावाच्या पायाला तेल लावून द्यायचा, त्याच्याबरोबर क्रिकेट बघायचा. त्या आठवड्यात भावाचे इंजेक्शन बदलले होते. दोन-तीन दिवसांनी त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. खिडकीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत, बसला की लगेच उठायचा, उभा राहिला तरी पाय जागच्या जागी हलत. दादाने आधी समजावले, मग ओरडून सांगितले, मग बाहेरून कडी लावली. भावाने दार वाजवायला सुरुवात केली तसे शेजारी जमले आणि कोणीतरी सुचवल्यावर दादाने त्याचे मनगट पंचाने खाटेच्या पायाला बांधले. मी ऑफिसातून घरी आले तेव्हा भाऊ जमिनीवर बसलेला होता आणि बांधलेल्या हातानेही त्याचे पाय थांबत नव्हते. मला म्हणाला, "ताई, मी काही करत नाहीये गं, हे आपोआप होतंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितले की हा औषधाचा परिणाम आहे, याला अ‍ॅकथिसिया म्हणतात. आतून इतकी तगमग होते की माणसाला एका जागी बसवत नाही. डोस कमी केला, सोबत एक गोळी दिली, आणि थोड्याच दिवसांत फेऱ्या थांबल्या. दादाला मी हे समजावून सांगितले तेव्हा तो रडला. म्हणाला, "मला वाटलं नाटकं करतोय. कुणी सांगितलंच नाही ओ मॅडम."

कुणी सांगितलेच नव्हते, आणि ते एका दुपारच्या तासात सांगता आले असते. मनोविकारावरच्या औषधांच्या प्रशिक्षणात औषधांची लांबलचक नावे पाठ करून घ्यायची गरज नाही. चार-पाच गोष्टी अशा शिकवायच्या की त्या झोपेतही आठवतील. अस्वस्थ फेऱ्या म्हणजे उद्धटपणाच असतो असे नाही. मान एकाएकी एका बाजूला वळली, जबडा आवळला, डोळे वर गेले तर ती अंगात आलेली देवी नाही, औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. बायपोलर आजारावरचे लिथियम हे औषध चालू असलेल्या माणसाला जुलाब-उलट्या झाल्या, हाताची थरथर वाढली, तोल जायला लागला, जीभ जड झाली तर थांबायचे नाही, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम घातक पातळीला जाऊ शकते. मुंबईच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसासाठी हा रोजचा धोका आहे. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधावर असलेल्याला ताप आणि घसादुखी झाली तर क्रोसिनवर भागवायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून रक्त तपासायचे. आणि गोळी कमी-जास्त करण्याचा अधिकार सहाय्यकाला कधीच नाही. त्याने बघायचे, लिहून ठेवायचे, कळवायचे.

बांधण्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही त्या दादाला माहीत नव्हते, मलाही नंतर वाचून कळले. 2017 च्या कायद्याच्या कलम 97 नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत कुणालाही एकांतात कोंडता येत नाही. बांधायचे असेल तर तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाही मार्ग उरला नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरज असेल तेवढाच वेळ, आणि त्याची नोंद ठेवून. शिक्षा म्हणून बांधता येत नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही बांधता येत नाही. हे कलम आस्थापनांसाठी आहे. घरात येणारा दादा त्याच्या बाहेर राहतो, आणि खाटेला बांधलेली मनगटे तर बहुतेक घरातच असतात. म्हणून ज्याच्या हातात पंचा आहे त्यालाच हे शिकवले पाहिजे, आणि पंच्याऐवजी काय करायचे तेही.

डॉक्टर नसलेल्या माणसांना हे काम शिकवता येते का, ही शंका आता जुनी झाली. गोव्यात संगथ या संस्थेने साध्या, स्थानिक माणसांना शिकवून नैराश्य-चिंतेच्या रुग्णांसाठी समुपदेशक तयार केले. त्या मानस चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. विश्राम कार्यक्रमात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. झिम्बाब्वेत हरारेला डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून आजीबाईंना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवले, त्याची चाचणीही यशस्वी ठरली.

हे सगळे नैराश्याबद्दल, असे तुम्ही म्हणाल. स्किझोफ्रेनियाचे काय? त्यासाठी कोप्सी नावाची चाचणी झाली, तमिळनाडूत, गोव्यात आणि आपल्या साताऱ्याकडे. 2014 मध्ये ती लॅन्सेटमध्ये छापून आली. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन शुभार्थींसोबत आणि घरच्यांसोबत काम करत, नेहमीचे औषधोपचार चालू ठेवून. वर्षभराने लक्षणे आणि अकार्यक्षमता दोन्ही थोडी कमी झाली. फायदा माफक होता, असे संशोधकांनीच लिहिले आहे, आणि मला तो शब्द महत्त्वाचा वाटतो. जादू होत नाही. पण ज्या घरात माणूस दहा वर्षे खाटेवरून उठलेला नाही, तिथे तो सकाळी दूध आणायला खाली उतरला तर त्या माफक फायद्याची किंमत आम्हाला विचारावी.

या सगळ्या प्रयोगांतली एक गोष्ट सरकारी योजनेत येता येता सर्वात आधी गळते, म्हणून तिच्यावर मी जास्त बोलणार आहे. ती म्हणजे शिकून झाल्यावरचे मार्गदर्शन. संगथमध्ये समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन मोकळे सोडले नव्हते. त्यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण होई, ते सगळे मिळून ऐकत, एकमेकांना गुण देत, कुठे चुकले ते बोलत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत बसत, पुढे समुपदेशक आपसात ते चालवू लागले. तुम्ही उद्या तीन महिन्यांचा वर्ग काढाल, फोटोसह प्रमाणपत्रे वाटाल आणि त्यानंतर त्या मुलीला नालासोपाऱ्यात कुणाच्या तरी घरी एकटीला पाठवाल, तर तिची वर्षभरात ब्युरोतली मावशी होईल. दोष तिचा नसेल. आठवड्यातून एकदा तरी तिला कुणासमोर बसून सांगता आले पाहिजे की या घरात मला भीती वाटते, हा मुलगा मरायचे बोलतो, ही बाई माझ्यावर संशय घेते, मी काय करू? ज्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी वर्ग जोडलेला असेल, त्याने ही बैठक चालवावी आणि तिचे तास मानधनात धरावेत. मार्गदर्शनासाठी पैसे ठेवायचे नसतील तर वर्गच काढू नका, इतके मी स्पष्ट म्हणेन.

परीक्षेबद्दलही असेच. चार पर्यायांतून एकावर खूण करायची परीक्षा या कामाला लावली तर पाठांतर करणारे पास होतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये इक्विप नावाची व्यवस्था खुली केली आहे. तिच्यात शिकणाऱ्यापुढे एक जण रुग्णाची भूमिका करतो आणि परीक्षक बघतो की याने नीट ऐकले का, घाईने सल्ला दिला का, गुप्ततेबद्दल सांगितले का, आत्महत्येचा विचार येतो का असे सरळ विचारले का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. विचारले तर डोक्यात भरवल्यासारखे होईल, असे लोकांना वाटते. तसे होत नाही, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो, हे सराव करूनच अंगवळणी पडते. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. तो एक प्रश्न न घाबरता विचारू शकणारी माणसे या राज्याला हवी आहेत.

सरावाची जागाही मुंबईची हवी. इंग्रजी पुस्तकात लिहिलेले असते की माणूस संतापला तर त्याला मोकळी जागा द्या, दोन हात अंतर ठेवा, दाराकडे जाण्याचा रस्ता मोकळा ठेवा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाट, कपाट, शिवणयंत्र आणि तीन माणसे असतात. दोन हात अंतर आणायचे कुठून? मग शिकवायचे ते असे की आवाज खाली आणा, समोर उभे न राहता बाजूला बसा, घरातल्या बाकीच्यांना एकेक करून गॅलरीत पाठवा, आणि गॅलरीत जमलेल्या शेजाऱ्यांना आधी हलवा, कारण बघ्यांमुळेच अर्धा गोंधळ वाढतो. शेजारच्या काकूंना न दुखावता घरी कसे पाठवायचे, हा या शहरात प्रशिक्षणाचा विषय आहे. तसाच लोकलचा प्रवास. शुभार्थीला विक्रोळीहून परळला ओपीडीला न्यायचे तर कुठली गाडी टाळायची, गर्दीत घाबरला तर पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसायचे, पाणी द्यायचे, वेळ गेला तर जाऊ द्यायचा. गणपतीच्या दहा दिवसांत मंडपाशेजारच्या घरात बायपोलर असलेल्या माणसाची झोप मोडते आणि झोप मोडली की उन्माद उसळू शकतो. त्या दिवसांचे नियोजन आधीच घरच्यांशी आणि मंडळाच्या पोरांशी बोलून करता येते. आमच्या भागातल्या एका मंडळाने स्पीकरचे तोंड फिरवून दिले होते, नुसते जाऊन सांगितल्यावर.

देवऋषी आणि भगत हा विषय वगळू नका. घरचे तिकडे जातातच. सहाय्यकाने त्यांना हसायचे नाही, वाद घालायचा नाही, पण गोळ्या बंद करू द्यायच्या नाहीत. आणि मारहाण, चटके, साखळी असे काही दिसले तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे त्याला माहीत हवे. कागदपत्रांचेही असेच. मानसिक आजार हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांपैकी एक आहे. आयडियाज या मोजपट्टीने तपासणी होते आणि 40 टक्क्यांपासून पुढे लाभ मिळतात, हे आमच्या गटातल्या कितीतरी घरांना वर्षानुवर्षे कुणी सांगितले नव्हते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरून देणारा हात घरात आला तर महिन्याचा हिशेब बदलतो.

शिकवणार कोण? रुग्णालयांचे मानसोपचार विभाग आहेत, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठ तर याच कामासाठी उभे आहे. त्यांच्या बरोबरीने स्वतः शुभार्थींना शिकवायला बोलवा, आणि त्यांना इतर शिक्षकांइतकेच मानधन द्या. ऑस्ट्रेलियात मानसिक आरोग्याच्या व्यवसाय प्रमाणपत्रासोबत ज्यांनी स्वतः आजार भोगला आहे अशांसाठी सहसोबती म्हणून काम करण्याचे वेगळे प्रमाणपत्र आहे. कोंडल्यावर काय वाटते, गोळीने तोंड कसे कोरडे पडते, आवाज येत असताना समोरच्याचे बोलणे कसे अर्धवट ऐकू येते, हे माझा भाऊ जसे सांगतो तसे कुठल्याही प्राध्यापकाला सांगता येणार नाही.

प्रवेशाबाबत. या वर्गाला बारावी विज्ञानाची अट लावाल तर ज्या बायका आज हे काम करत आहेत त्या दाराबाहेर राहतील. ब्युरोत दहा-दहा वर्षे काढलेल्या मावश्यांच्या अनुभवाला मान्यता देऊन, जे येत नाही तेवढेच शिकवण्याची सोय कौशल्य योजनांमध्ये आहे, ती इथे वापरा. महापालिकेच्या आरोग्य सेविका वस्तीतले प्रत्येक घर ओळखतात, त्यांनाही दार उघडे ठेवा, मात्र त्यांच्या आधीच्या कामावर हे फुकट लादू नका. वर्ग संध्याकाळचे आणि रविवारचे हवेत. ड्युटी बुडवून शिकायला येणाऱ्या बाईची रोजी जाते, तेव्हा विद्यावेतन हवे. पुस्तक मराठीत हवे आणि बोलणे मुंबईत जसे चालते तसे, मराठी-हिंदी मिसळून.

2021 च्या कायद्यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 2,000 तासांची, दोन ते चार वर्षांची पदविका किंवा पदवी लागते. पोट हातावर असलेल्या बाईला एकदम दोन वर्षे झेपणार नाहीत. म्हणून पायरी-पायरीने जाऊ द्या. पहिली पायरी काही शेकडा तासांची, त्यातले निम्म्याहून जास्त तास वॉर्डात, ओपीडीत आणि घरभेटींत. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये 30 तासांचा एक क्रेडिट धरतात. ते क्रेडिट जपून ठेवून, नोकरी करता करता पुढची पदविका पूर्ण करण्याची मुभा द्या. पहिली पायरी झालेल्याला आपण काय करू शकतो आणि काय नाही, ते ओळखपत्रावरच छापून द्या. समुपदेशक, थेरपिस्ट असली पाटी त्याने लावू नये. ठाण्या-मुंबईत अशा पाट्या आधीच खूप झाल्या आहेत, आणि पंधरा दिवसांचे ऑनलाइन प्रमाणपत्र दाखवून लोकांच्या मनाशी खेळणाऱ्यांचा मला फार राग येतो. खासगी प्रशिक्षण केंद्रांना हा अभ्यासक्रम वाटण्याआधी रुग्णालयाशी करार, सरावाची जागा आणि मार्गदर्शक प्रत्यक्ष आहेत का, ते जाऊन बघा.

आणि नोकरी. शिकवून झाल्यावर पद नसेल तर या साऱ्याला अर्थ नाही. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही केवळ कुणी नेत नाही म्हणून तिथे वर्षानुवर्षे राहिलेल्यांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. 2017 च्या कायद्याचे कलम 19 म्हणते की प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे. पण वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईला एक दिवस भाड्याच्या खोलीची किल्ली दिली आणि गॅस पेटवायला, बाजारातून भाजी आणायला, रात्री भीती वाटली तर फोन करायला सोबत कुणी नसले, तर ती परत वॉर्डातच येईल. अर्धमार्ग गृहे, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासाची सोय, काढा म्हणून न्यायालये सांगतात, ती गृहे चालवायला माणसे हीच लागतील. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत, आपला दवाखान्यांत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सहाय्यकाचे पद मंजूर करा. किमान वेतन, साप्ताहिक सुटी आणि भविष्यनिर्वाह निधी असलेले पद. कंत्राटदाराच्या रजिस्टरमधली ओळ नको. घरोघरी जाणाऱ्यांसाठी ब्युरोंची नोंदणी सक्तीची करा आणि मानसिक आजाराच्या घरी पाठवताना प्रशिक्षित माणूसच पाठवण्याची अट घाला.

या कामातल्या माणसाचेही मन आहे. दिवसभर कुणाचा संशय, कुणाच्या शिव्या, कुणाचे न थांबणारे रडणे झेलून ती रात्री कर्जत लोकलला उभी असते. 14416 ही टेलिमानसची मानसिक आरोग्य हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून आहे, ती तिच्यासाठीही आहे, हे पहिल्याच तासाला सांगा. पण हेल्पलाइनवर भागवू नका. वर्षाकाठी सवेतन रजा आणि अडचणीच्या घरातून बदली मागण्याचा हक्क करारात लिहा.

सुरुवात मुंबईतच करता येईल. एक आयटीआय, एक महापालिकेचे रुग्णालय, तीस शिकणारे, आणि दोन्ही विभागांची सही असलेला एक शासन निर्णय. अभ्यासक्रम समितीत डॉक्टर आणि अधिकारी असतीलच. त्यांच्यासोबत दोन शुभार्थी, दोन शुभंकर आणि ब्युरोत काम केलेली एक मावशी यांना पहिल्या बैठकीपासून बसवा, मसुदा तयार झाल्यावर सहीपुरते नको. आमच्या गटातल्या काही घरांनी सरावासाठी दार उघडण्याची तयारी दाखवली आहे. शुभार्थीची संमती घेऊन, दोघांहून जास्त जण न पाठवता आणि सोबत मार्गदर्शक असेल तर शिकणाऱ्यांनी आमच्याकडे यावे. माझ्या भावाने होकार दिला आहे, पण सकाळी अकराच्या आधी येऊ नका म्हणाला आहे, गोळीमुळे त्याला उशिरा जाग येते. तो दादाही शिकायला तयार आहे. आता तो मालाडला एका घरी असतो आणि अजून अधूनमधून भावाची चौकशी करायला फोन करतो. वर्ग केव्हा निघणार, असे त्याने मला दोनदा विचारले आहे. त्याला काय सांगायचे ते कळवावे.

आपली,
एक शुभंकर
विक्रोळी, मुंबई